शब्दाचं सामान्यरूप

दुधाचं दही झालं. पोरगा तलाठी झाला.

दोन्हीकडं क्रियापद एकच, ‘होणे’. पण दही लागलं की दूध संपतं, मग कितीही हळहळलं तरी ते परत मिळत नाही. पोरगा मात्र तलाठी झाला तरी शिल्लक राहतो आणि आई त्याला नावानंच हाक मारते. मराठी हा फरक विभक्तीत दाखवते. जे संपतं ते षष्ठीत जातं: दुधाचं दही, रसाचा गूळ, पाण्याचा बर्फ. जे टिकतं ते प्रथमेत, प्रत्ययाविना उभं राहतं. नियम अगदी काटेकोर नाही. ‘पोरीची बाई झाली’ म्हणताना पोर कुठं जात नाही, पण तिचं पोरपण गेलेलं असतं, आणि षष्ठी तेवढंच सांगते.

नाताळच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात. त्यातलं १४वं वचन प्रचलित मराठी भाषांतरात असं सुरू होतं: ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ इथं शब्द म्हणजे ख्रिस्त. ‘शब्दाचा देह झाला’ असं तिथं लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर गोष्ट दह्याची झाली असती, शब्द संपला आणि देह उरला. ‘शब्द देही झाला’ हे तलाठ्याच्या जातीचं वाक्य आहे. ‘शब्द’ प्रथमेतच आहे, वाक्याच्या शेवटीही तो शब्दच आहे, आणि आता तो देहीसुद्धा आहे.

हाच भेद पक्का करायला चर्चला चारशे वर्षं लागली. इ.स. ४५१ मध्ये, आजच्या इस्तंबूलमधल्या कॅल्सिडन इथं जमलेल्या बिशपांनी ख्रिस्ताच्या देवपणाचा आणि माणूसपणाचा संबंध चार क्रियाविशेषणांत बांधला. चारही नकारार्थी, ग्रीकमध्ये चारही ‘अ’नं सुरू होणारी: मिसळ न होता, बदल न होता, तुकडे न होता, ताटातूट न होता. पहिली दोन दह्याची चूक अडवतात. उरलेली दोन दुसऱ्या टोकाची, म्हणजे देव वेगळा आणि माणूस वेगळा, एकाच घरात राहणारे दोन भाडेकरू. नामं आणि विशेषणं वापरून खूप भांडण झालं होतं, म्हणून शेवटी क्रियाविशेषणांवर आले असावेत. क्रियाविशेषण ‘काय आहे’ ते सांगत नाही, ‘कसं’ एवढंच सांगतं. असल्या विषयाला तेवढंच झेपतं.

त्याआधी, ३२५ मध्ये, निकीया इथल्या बिशपांच्या परिषदेत भांडण झालं ते दुसऱ्या एका क्रियापदावरून. योहानाच्या पहिल्याच वचनात ‘प्रारंभी शब्द होता’ असं आहे. तिसऱ्या वचनात सर्व काही त्याच्याद्वारे ‘झाले’. सहाव्यात बाप्तिस्मा करणारा योहान येतो, तोही मुळात ‘झाला’. आणि मग चौदाव्यात खुद्द शब्द ‘झाला’. ग्रीकमध्ये ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, ‘एन’ आणि ‘एगेनेतो’. मराठीत ती बरोबर जागेवर बसतात: असण्याचा भूतकाळ ‘होता’, होण्याचा भूतकाळ ‘झाला’. सृष्टी झाली, माणसं झाली, शब्द मात्र होताच. ज्याच्याबद्दल तेरा वचनं फक्त ‘होता’ चालत आलं, त्याच्याबद्दल चौदाव्यात ‘झाला’ येतं. वाचणाऱ्यानं तिथं किंचित थांबावं. बहुतेक जण थांबत नाहीत, एका दमात पुढं जातात आणि सगळा जोर त्याच वचनात पुढं येणाऱ्या ‘गौरव’ या शब्दावर टाकतात.

एरियस या धर्मगुरूचं शब्दाबद्दल म्हणणं होतं की ‘तो नव्हता अशी एक वेळ होती’. निकीयाच्या मतांगीकारानं, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीनं, त्याला उत्तर दिलं: ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’. पुढं काही दशकं ‘होमोऊसिओस’ म्हणजे त्याच तत्त्वाचा आणि ‘होमोइऊसिओस’ म्हणजे तशाच तत्त्वाचा, या एका अक्षराच्या फरकावरून बिशप पदं गमावत राहिले. ‘तोच’ आणि ‘तसाच’. एका ‘सा’नं हद्दपारी होऊ शकते हे शुद्धलेखनात मार्क गेलेल्या माणसाला पटायला हरकत नाही.

आता ‘देही’. पैठणची एक जुनी गोष्ट कथासरित्सागरात आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. राणी म्हणाली, ‘मोदकैः परिताडय.’ म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी मारू नका. राजाला संधी सोडवता आली नाही, त्यानं मोदक मागवले. सगळ्यांसमोर हसं झालं, आणि त्या लाजेपोटी पंडित शर्ववर्म्यानं त्याला सहा महिन्यांत शिकवण्यासाठी सोपं व्याकरण रचलं, ते कातंत्र. शब्द तोंडातून एक निघतो आणि कानात दुसराच फुटतो, हे पैठणला फार आधीपासून ठाऊक आहे.

‘देही’चं तसंच होतं. मराठवाड्यातला कान कीर्तनात घडलेला. त्याला ‘याचि देही याचि डोळा’ पाठ असतं. तिथं ‘देही’ ही सप्तमी आहे, ‘या देहात’. त्या सवयीनं ऐकलं तर ‘शब्द देही झाला’ म्हणजे शब्द देहाच्या आत झाला, बोलायच्या आधी पोटात उमटणाऱ्या वाणीसारखा. वचनातलं ‘देही’ हे विशेषण आहे, देह असलेला, जसा धन असलेला तो धनी. आणि हे विशेषणही कोरं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला देही म्हणजे जुनी वस्त्रं टाकून नवी नेसावी तशी शरीरं बदलणारा. मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’, म्हणजे मांस. कपडा काढून ठेवता येतो, मांस तसं काढता येत नाही. भाषांतरकारांनी ‘शब्द मांस झाला’ असं लिहिलं नाही हे समजण्यासारखं आहे. मराठीत मांस म्हटलं की खाटकाचं दुकान आठवतं. पण ‘देही’नं वचन जितकं शोभिवंत केलं तितकंच हलकंही केलं, असं मला वाटतं. नाताळच्या संदेशात पाळकांनी या एका शब्दावर दोन मिनिटं दिली तर फायदा होईल.

‘वस्ती केली’ला मात्र दाद द्यावी लागते. ग्रीक क्रियापद ‘स्केने’ म्हणजे तंबू या नामापासून आलेलं आहे. अक्षरशः सांगायचं तर त्यानं आमच्यात पाल ठोकलं. इस्राएल लोक रानातून चालत होते तेव्हाच्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, ती आठवण आहे. मराठीत ‘वस्ती’ म्हटलं की घरांचा समूह डोळ्यांपुढं येतो, पण जुना अर्थ रात्रीचा मुक्काम. संध्याकाळी गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी एसटी अजूनही ‘वस्तीची गाडी’च आहे. तंबूचा तात्पुरतेपणा त्या शब्दात आपोआप आला.

पालाचा अर्थ डिसेंबरातल्या मराठवाड्याला वेगळा सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली आणि आसपासची गावं अर्धी रिकामी होतात. नाताळ येतो तेव्हा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो आणि माणसं फडाजवळच्या कोप्यांत असतात. बांबू वाकवून, वर पाचट नाहीतर ताडपत्री टाकून केलेली ती कोपी, आत वाकूनच जावं लागतं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. माणसं दोन, वचन एक, आणि उचलही त्या एका कोयत्यावर. वचन हा व्याकरणातला विषय आहे असं शाळेत शिकवतात, मुकादमाच्या वहीत त्याचा हिशेब पैशांत होतो. पाल ठोकण्यासाठी जे क्रियापद योहानानं निवडलं, ते ऐकायला सगळ्यात योग्य जागा कदाचित तिथं असेल.

मराठी व्याकरणात एक संज्ञा आहे, सामान्यरूप. नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी त्याच्या रूपात जो बदल होतो, तो. घोडा, पण घोड्याला. गव्हाण, पण गव्हाणीत. पाऊस, पण पावसानं. लहान लेकरं ‘घोडाला’ म्हणतात आणि मोठी हसतात. ‘देव’ हा शब्दही मूळ रूपात राहिला तर फार काही करू शकत नाही. तो वाक्यात कर्ता म्हणून येऊन उभा राहतो, बस्स. त्याला काही द्यायचं, त्याच्याशी भांडायचं, त्याच्याकडून घ्यायचं, तो आपला म्हणायचा, तर ‘देवा’ हे सामान्यरूप आधी व्हावं लागतं: देवाला, देवाशी, देवाकडून, देवाचा. संबंध जोडायचा तर मूळ रूप सोडावं लागतं. इथं ‘सामान्य’चा अर्थ ‘साधं’ नाही, ‘सर्व प्रत्ययांना समाईक’ असा आहे. हे नाव कुणी भक्तीपोटी ठेवलेलं नाही. तरी देवाच्या स्वरूपाचा असून ख्रिस्तानं दासाचं रूप घेतलं असं प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो, तेव्हा मराठी माणसाला शाळेतला हा धडा आठवला तर तो वावगा म्हणता येणार नाही.

परकी नावंही मराठीत आली की याच नियमाखाली येतात. ‘दावीद’ दीर्घ, पण ‘दाविदाच्या गावात’ ऱ्हस्व, जसा गरीब-गरिबाला. मरिया, पण मरियेला. बेथलेहेम, पण बेथलेहेमात. ‘ख्रिस्त’ बदलतो, ‘ख्रिस्ताला’ होतो. ‘येशू’ बदलत नाही. यावरून कुणी धर्मशास्त्र रचू नये, प्रत्ययांवर एवढं ओझं टाकलं की ते तुटतात.

बेथलेहेम म्हणजे हिब्रूत भाकरीचं घर. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं बेथेल म्हणजे देवाचं घर. दोन्हीत ‘बेथ’ समान. हिब्रूत घर म्हणजे ‘बयित’, पण ते कुणाचं तरी झालं की ‘बेथ’ होतं. तिथं बदलतं ते घर. मराठीत मालक बदलतो: भाकर, भाकरीचं घर, देव, देवाचं घर. हिब्रूत देव तसाच राहतो आणि घर आपलं रूप सोडतं. मराठीत घर जागेवर राहतं आणि देवाला रूप सोडावं लागतं. नाताळला मराठी पद्धत जास्त शोभते असं वाटून जातं.

उलट उदाहरणही पवित्र शास्त्रातच आहे. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या वचनात ‘जो आहे, जो होता आणि जो येणार त्याच्यापासून’ कृपा आणि शांती असो म्हटलंय. ग्रीकमध्ये ‘पासून’ला षष्ठी हवी, पण लेखकानं देवाचं ते नाव प्रथमेतच ठेवलं. व्याकरणाच्या शिक्षकानं लाल रेघ मारावी अशी चूक, बरेच अभ्यासक ती मुद्दाम केलेली मानतात. गव्हाणीत ज्यानं विभक्ती स्वीकारली, त्याचं नाव इथं विभक्तीला नकार देतं.

नाताळच्या फलकांवर ‘प्रभु येशु यांच्या जयंतीनिमित्त’ हे हमखास दिसतं. त्यात शुद्धलेखनाची गोष्ट सोपी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘प्रभू येशू’. ‘प्रभू’ समासात आधी आला की ऱ्हस्व, म्हणून ‘प्रभुभोजन’. अवघड गोष्ट आहे ‘यांच्या’ची. मराठीत बाबा आले, साहेब आले, पण देव आला आणि आई आली. सर्वांत दूरचा आणि सर्वांत जवळचा, दोघंही एकवचनी. मराठी शास्त्रात येशू ‘म्हणाला’ असंच असतं. आदरार्थी बहुवचनात माणूस मोठा होतो आणि पुढाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय ‘देव आले’मध्ये एक आदरणीय देव आला की अनेक देव आले हे कळत नाही, आणि एकेश्वरी श्रद्धेला ते परवडत नाही. गंमत अशी की हिब्रूत याच्या नेमकं उलट आहे. ‘एलोहीम’ हे रूप अनेकवचनी आणि बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या वचनात त्याचं क्रियापद एकवचनी. आपण ‘बाबा आले’ म्हणतो तेव्हा माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी.

खरी कसरत ‘आम्ही’ची आहे. ग्रीकला, हिब्रूला, हिंदीला इथं एकच सर्वनाम पुरतं. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ वेगळं आणि त्याला धरणारं ‘आपण’ वेगळं. देगलूर-धर्माबादकडं कानावर पडणाऱ्या तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असेच दोन आहेत. त्यामुळं येशूच्या इम्मानुएल या नावाचा अर्थ मराठीत सांगताना निवड करावीच लागते. छापील मराठीत तो ‘आम्हांबरोबर देव’ असा आहे. म्हणजे तुमच्याबरोबर? ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याच्या अंगणात नाताळगीत म्हणणाऱ्या मंडळीच्या तोंडी हे वाक्य दार लोटून घेतल्यासारखं लागतं.

कसोटी सोपी आहे. ज्याच्याशी बोलतोय तो ‘आम्ही’त मोडतो का? प्रार्थना देवाशी असते, म्हणून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हेच बरोबर. तिथं ‘आपल्या’ म्हटलं तर देवाचाही कुणी पिता निघेल. मंडळीशी किंवा शेजाऱ्याशी बोलताना ‘आपल्याबरोबर देव’ म्हणावं. मेंढपाळांशी बोलणारा देवदूत ‘तुमच्यासाठी आज तारणारा जन्मला आहे’ म्हणतो, ‘आपल्यासाठी’ म्हणत नाही. हे तारण देवदूतांसाठी नाही, तो फक्त निरोप्या आहे. योहानाच्या ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’मध्ये ‘आम्ही’ चोख बसतं, कारण डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार न पाहिलेल्यांना सांगताहेत. पण त्याच वाक्यातलं ‘आमच्यामध्ये वस्ती केली’? पाल ठोकलं ते फक्त पाहणाऱ्यांच्यात, की वाचणाऱ्यांच्यातही? ग्रीक मुग्ध राहतं. मराठीला मुग्ध राहता येत नाही, आणि भाषांतरानं ‘आमच्या’ला कौल दिला. मी असतो तर कदाचित ‘आपल्यामध्ये’ लिहिलं असतं, आणि पुढं लगेच ‘आम्ही पाहिले’ आल्यावर वाक्य कसं सावरायचं या पेचात सापडलो असतो.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एक वचन आहे: ‘आम्हांसाठी बाळ जन्मले आहे, आम्हांला पुत्र दिला आहे.’ बाळ नपुंसकलिंगी, पुत्र पुल्लिंगी. शुभवर्तमानकार लूकनं गव्हाणीतल्या बालकासाठी वापरलेला ‘ब्रेफोस’ हा शब्दही नपुंसकलिंगीच. हिंदीत हे लिंगच नाही, मराठीनं ते सांभाळलंय, आणि गोठ्यातली सगळी पिल्लावळ त्यातच आहे: लेकरू, वासरू, करडू, रेडकू, कोकरू. मोठेपणी त्याच येशूला भाषांतर ‘देवाचा कोकरा’ म्हणतं, कोकरूला पुल्लिंगात चढवून.

वचनाचा दुसरा भाग कर्मणी आहे: ‘पुत्र दिला आहे’. कुणी दिला ते लिहिलेलं नाही. ‘कळविण्यात येते की’ अशी तहसीलची नोटीस आली की तिथंही कर्ता गायब असतो. तो जबाबदारीपासून लपतो. संदेष्ट्याचा कर्ता आदरापोटी न उच्चारलेला असतो. प्रयोग एकच, दोन टोकांच्या दोन गरजा.

आणि काळ? हे वचन येशूच्या जन्माच्या सुमारे सातशे वर्षं आधीचं, तरी ‘जन्मले आहे’. हिब्रू संदेष्टे पुढं घडायचं ते घडून गेल्यासारखं सांगतात. विद्यार्थ्यांना हे अवघड जातं, पण फोनवर ‘आलोच’ म्हणणारा माणूस त्या वेळी कुठं असतो हे आठवलं की पुरे. तो बहुधा अजून जेवत असतो. मरियेच्या गीतात अधिपती सिंहासनांवरून खाली खेचले गेले आहेत, भुकेले तृप्त झाले आहेत, सगळं झालेलं. हेरोद तेव्हा गादीवर होता आणि भुकेले भुकेलेच होते. ते गीत ‘आलोच’च्या काळात आहे.

प्रकटीकरणातल्या त्या वचनातलं तिसरं पद, ‘जो येणार’, हेही मुळात भविष्यकाळी नाही. ते वर्तमानकाळी धातुसाधित आहे, येत असलेला. प्रमाण मराठीत ‘येणार’ म्हटलं की त्याला अजून वेळ आहे असं वाटतं. बीड-परभणीकडं म्हणतात ‘यायलाय’, लातूर-नांदेडकडं ‘येऊलालाय’. पाय उचललेला, वाटेत असलेला. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळासाठी याहून नेमकं क्रियापद मला माहीत नाही, आणि ते छापील शास्त्रात कधी येणार नाही हेही माहीत आहे.

तुला पुत्र होईल असं सांगणाऱ्या देवदूताला मरियेनं दिलेलं उत्तर लूकच्या पहिल्या अध्यायात आहे: ‘आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो.’ देवदूताला ‘आपण’, स्वतःला चतुर्थी, आणि ‘होवो’ हे आज्ञार्थाचं ते रूप ज्यात आज्ञा कुणालाच नसते, इच्छा असते. ग्रीकमध्ये तिथं ‘गेनोइतो’ आहे, आणि योहानाचं ‘एगेनेतो’ त्याच धातूचं. मरियेच्या तोंडी ‘होवो’, योहानाच्या लेखणीत ‘झाला’. मराठीतही ही एकाच क्रियापदाची रूपं. फक्त ‘झाला’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘जात’वरून आहे, म्हणजे जन्मलेला. जुन्या पोथ्यांत ‘जाला’ असं रूप सापडतं. म्हणून बाळंतिणीच्या दाराशी कुणी ‘काय झालं?’ विचारलं की आतून उत्तर येतं, ‘पोरगं झालं.’